मराठी-तमिळ घरातल्या मुलीचे नाव: यादीपासून जन्मदाखल्यापर्यंत

दोन भाषांच्या घरात मुलीच्या नावावरून पहिला वाद अर्थाचा होतो आणि तो बहुधा वाया जातो, कारण संस्कृतातून आलेली शेकडो नावे दोन्हीकडे रुळलेली असल्यामुळे अर्थाशी कोणाचे फारसे भांडण नसतेच. खरी अडचण उच्चाराची, लिपीची आणि आडनावाच्या रकान्याची असते, आणि ती बारशाच्या दिवशी नव्हे, तर पुढे दाखला, आधार, शाळा आणि पासपोर्ट या क्रमाने समोर येते. माझे माहेर ठाण्यात नौपाड्यातले, सासर तमिळ, नेरुळला स्थायिक झालेले. त्यामुळे पुढचे टप्पे मराठी-तमिळ घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. तुमचे सासर मल्याळी, कन्नड किंवा बंगाली असेल तर अडणारी अक्षरे वेगळी असतील, पण कामाचा क्रम हाच ठेवायला हरकत नाही.

१. नावाच्या आधी आडनावाचा रकाना ठरवा

हे उलटे वाटेल, पण इथूनच सुरुवात करावी. मराठी पद्धतीत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी साखळी असते. तमिळ कुटुंबांत आडनाव बहुधा नसतेच. नावाआधी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावतात. समजा, वडील ‘एस. कार्तिक’ आहेत आणि ‘एस’ म्हणजे त्यांच्या वडिलांचे नाव सुंदरम. मुंबईत नोकरी, बँक आणि पासपोर्टच्या निमित्ताने हेच गृहस्थ कधी तरी ‘कार्तिक सुंदरम’ झालेले असतात, म्हणजे आजोबांचे नाव आडनावाच्या जागी जाऊन बसलेले असते.

आता मुलीसाठी दोन सरळ वाटा उरतात. तमिळ पद्धतीने वडिलांचे नाव शेवटी लावायचे, म्हणजे ‘अमुक कार्तिक’; किंवा महाराष्ट्राच्या पद्धतीने ‘सुंदरम’ हे कायमचे आडनाव मानून पुढे चालवायचे. पहिल्या वाटेने गेल्यास बापलेकीचे शेवटचे नाव वेगवेगळे राहते आणि प्रत्येक नव्या ठिकाणी खुलासा करावा लागतो. दुसऱ्या वाटेने गेल्यास गावाकडच्या ज्येष्ठांना नातीच्या नावात वडिलांच्या जागी आजोबा आल्यासारखे वाटते. आईचे आडनाव लावण्याचा पर्यायही आहे आणि तो चर्चेत जरूर असावा. माझे मत दुसऱ्या वाटेच्या बाजूने आहे, कारण इथल्या शाळा आणि कार्यालये तीन-चार शब्दांच्या नावाची अपेक्षा धरूनच बसलेली असतात.

यात एक अलीकडचा बदल लक्षात ठेवा. राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय दस्तऐवजांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम ठरला आहे. म्हणजे तुमच्या मुलीच्या नावात आईचेही नाव येणार. ‘मंजुळा अदिती कार्तिक सुंदरम’ हे सलग म्हणून पाहा. पाठीमागे एवढी वरात असताना पहिले नाव चार-पाच अक्षरी घेण्यात शहाणपण नाही. दोन किंवा तीन अक्षरांत थांबावे.

२. प्रत्येक नाव तीन लिप्यांत लिहून पाहा

यादीतले प्रत्येक नाव देवनागरीत, तमिळमध्ये आणि रोमन लिपीत लिहिल्याशिवाय त्यावर चर्चाच करू नका. सगळ्या प्रक्रियेत सर्वाधिक वेळ इथे द्यावा, कारण घरात नाव बोलले जाते दोन भाषांत, पण बाहेर ते जगते रोमन लिपीत.

तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही ध्वनींना मिळून एकच अक्षर आहे. त आणि प वर्गांचीही तीच गत. शब्दाच्या आरंभी ते अक्षर साधारणपणे कठोर वाचले जाते आणि दोन स्वरांच्या मध्ये किंवा अनुनासिकानंतर मृदू होते. महाप्राण, म्हणजे ख, घ, भ, थ, ध यांसारखे ध्वनी लिहिण्याची सोयच नाही. ज, ष, स, ह यांच्यासाठी ग्रंथ लिपीतून घेतलेली अक्षरे आहेत, त्यामुळे त्यांचे भागते. फ मात्र कसाबसा लिहावा लागतो, आणि च या अक्षराचा उच्चार सुरुवातीला पुष्कळदा ‘स’कडे झुकतो, म्हणून ‘चारू’ कोणी ‘सारू’ म्हटले तर त्यात त्यांचा दोष नाही.

हे नियम पाठ करण्याची गरज नाही, कारण त्याहून सोपी परीक्षा आहे. घरातल्या एका तमिळ माणसाने नावे लिहायची आणि ज्याने यादी ऐकलेली नाही अशा दुसऱ्या तमिळ माणसाने ती वाचायची. माझ्या सासूबाईंनी आमची यादी भिंतीवरच्या रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर उतरवली आणि काही न सांगता मावससासूबाईंपुढे ठेवली. चष्मा कपाळावरून नाकावर घेत त्यांनी वाचले: ‘गार्गी’चे ‘कार्गी’ झाले, ‘मेघा’चे ‘मेगा’, ‘अनघा’चे ‘अनगा’. ‘मल्लिका’चे त्यांनी ‘मल्लिगा’ केले आणि ‘मल्लिगै’ हे तमिळमध्ये मोगऱ्याच्या कुळातले फूल असल्यामुळे वर पसंतीही देऊन टाकली. जे नाव बिघडले तरी गोडच राहते ते यादीत ठेवायला हरकत नाही. ‘मेगा’ झालेली मेघा मात्र मी तिथल्या तिथे खोडली.

मराठी बाजूची परीक्षाही तितकीच कडक घ्यावी. तमिळमध्ये एक ‘ळ’ आपल्यासारखाच आहे, पण त्याखेरीज आणखी एक ध्वनी आहे, जो इंग्रजीत ‘झेड-एच’ असा लिहितात. ‘याळिनी’सारख्या सुंदर नावाचे त्या स्पेलिंगमुळे आपल्याकडे ‘याझिनी’ होते आणि मग ते कोणी दुरुस्त करू शकत नाही. देवनागरीत त्या ध्वनीसाठी टिंब दिलेले ‘ऴ’ आहे खरे, पण व्यवहारात ते कोणी लिहीत नाही. असे नाव मनापासून आवडले असेल तर जरूर ठेवा, मात्र प्रत्येक शाळेत पहिल्या दिवशी उच्चार समजावून सांगण्याची तयारी हवी.

रोमन लिपीतला सर्वांत मोठा सापळा ‘त’चा आहे. दक्षिणेत ‘त’ साठी ‘टी-एच’ आणि ‘ट’ साठी नुसता ‘टी’ लिहितात. आपण दोन्हींसाठी ‘टी’ लिहितो. त्यामुळे आपण लिहिलेली ‘ललिता’ तिकडे ‘ललिटा’ वाचली जाऊ शकते आणि त्यांनी लिहिलेली इकडे ‘ललिथा’ होते. यावर तोडगा निघत नाही, फक्त एकाची सवय दुसऱ्यावर लादता येते. म्हणून ज्यात त आणि द नाहीत अशी नावे आधी बघावीत. ‘ऋ’चेही तसेच आहे: आपण ‘अमृता’ लिहिताना ‘आर’पुढे ‘यू’ घालतो, इतरत्र ‘आय’ घालतात, आणि तमिळमध्ये तर ती ‘अमिर्ता’ होते. ‘ज्ञ’ असलेली नावे तर दोन भाषांच्या घराने लांबूनच नमस्कार करून सोडावीत, कारण मराठीत तो ‘डी-एन’ने, तमिळमध्ये ‘जी-एन’ने आणि हिंदीत ‘जी-वाय’ने सुरू होतो.

ही चाळणी लावल्यावर यादी खूप आखडते, पण उरते ती भक्कम असते. यामिनी, मालिनी, रोहिणी, कल्याणी, वाणी, मीरा, नयना, रम्या ही नावे तिन्ही लिप्यांत जवळपास अभंग राहतात. आम्ही ‘मंजुळा’ निवडले, कारण तमिळमध्येही ते ‘ळ’नेच लिहितात आणि अनुनासिकानंतरचा ‘ज’ दोन्हीकडे सारखा येतो. रोमनमध्ये ‘ळ’चा ‘ल’ होतो, तो कोणालाच चुकलेला नाही. नाव जुन्या वळणाचे आहे अशी तक्रार दोन्ही घरांतून एकदमच आली, हेही मला त्याच्या बाजूचेच वाटले.

३. दुसऱ्या भाषेत ते कसे ऐकू येते हे तपासा

कोशातला अर्थ चांगला असून चालत नाही. कानाला काय लागते ते महत्त्वाचे. ‘वल्ली’ ही मुरुगनची पत्नी, तमिळ घरांत अत्यंत आदराचे नाव. पण मराठीत ‘काय वल्ली आहे’ असे आपण कोणाबद्दल म्हणतो ते सांगायला नको, आणि शाळेतली मुले ही संधी सोडणार नाहीत. ‘तेनमोळी’ म्हणजे मधासारखी वाणी असलेली, परंतु मराठी कानाला त्यात लाकडाची मोळी दिसते. उलट ‘पूंगोडी’ या फुलवेलीच्या नावात आपल्याला आयतीच ‘गोडी’ सापडते. ‘कल्याणी’ हा कर्नाटक संगीतातला मोठा राग आहे, देवीचे नाव आहे, तमिळमध्ये ‘कल्याणम्’ म्हणजे लग्न. ठाण्यात मात्र कल्याण लोकल आठवून स्लो की फास्ट, असे विचारणारा एखादा काका निघणारच, तेवढे सोसावे लागेल.

या तपासणीसाठी वडीलधाऱ्यांपेक्षा आठ-दहा वर्षांची भाचरे अधिक उपयोगी पडतात. नावावरून चिडवण्यासारखे काही असेल तर ती पहिल्या मिनिटात शोधून काढतात.

४. दोन्हीकडे आपसूक असलेली नावे शोधा

इंटरनेटवरच्या याद्या बहुधा एकमेकींवरून उतरवलेल्या असतात आणि त्यांतले अर्थ पुष्कळदा मनाने रचलेले असतात, म्हणून त्यांच्यावर फार विसंबू नका. त्याऐवजी दोन्ही परंपरांना जोडणारी ठिकाणे धुंडाळावीत. तंजावरला मराठ्यांचे राज्य सतराव्या शतकात आले आणि १८५५ पर्यंत टिकले, तेव्हा या दोन भाषांची ओळख आपल्या पिढीने करून दिलेली नाही. अक्का आणि अण्णा दोन्ही भाषांत थोरल्या बहीण-भावालाच म्हणतात.

मला सर्वांत समाधान देणारे सापडलेले उदाहरण ‘गोदा’चे. मराठीत गोदा म्हणजे गोदावरी, पैठण-नाशिकची. तमिळ वैष्णव परंपरेत आंडाळ या संत कवयित्रीला ‘कोदै’ म्हणतात आणि तिचेच संस्कृत रूप ‘गोदा’. तिची तीस पदांची ‘तिरुप्पावै’ मार्गळी महिन्यात घरोघरी म्हटली जाते. एकाच नावात दोन्ही आज्यांना आपापली गोदा मिळते. ‘ओवी’चेही तसेच: आपल्याला जात्यावरची आणि ज्ञानेश्वरांची ओवी आठवते, तर तमिळ माणसाला ‘ओवियम्’, म्हणजे चित्र. ‘नीला’मधला पहिला स्वर ऱ्हस्व केला की तमिळमध्ये चंद्र होतो. ‘मीनल’ आपल्याकडे साधे रुळलेले नाव, तमिळमध्ये ‘मीनाळ्’ हे मीनाक्षीचे घरगुती रूप. ‘कावेरी’ला तर परीक्षाच द्यावी लागत नाही.

५. नक्षत्र, आजीचे नाव आणि मानपान

मराठी घरांत नक्षत्राच्या चरणावरून आद्याक्षर काढतात, तमिळ घरांतही नक्षत्र महत्त्वाचे असते, पण नावे निराळी: आपली आर्द्रा त्यांच्याकडे ‘तिरुवादिरै’ आणि श्रवण ‘तिरुवोणम्’. दोन आज्या एकाच नक्षत्रावरून वाद घालताना आढळल्यास पंचांग मध्ये ठेवावे. अक्षरे कधी कधी अशक्यच असतात. हस्त नक्षत्राला पू, ष, ण, ठ येतात आणि ‘ण’वरून मुलीचे नाव अद्याप कोणाला सुचलेले नाही.

यातून सुटण्याची वाट परंपरेनेच ठेवलेली आहे. नामकरणात देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यवहारनाम अशी वेगवेगळी नावे ठेवण्याची रीत आहे. तमिळ घरांत पहिल्या नातीला आजीचे नाव देण्याची अपेक्षा पुष्कळदा असते. ते नाव आणि नावरस नाव विधीत कानात सांगावे, तांदळावर अंगठीने लिहावे, आणि व्यवहारनाम तुमच्या चाळणीतून उतरलेले ठेवावे. बारावा दिवस की अकरावा, हा प्रश्नही असाच सोडवता येतो: सकाळी पुण्याहवाचन, संध्याकाळी पाळणा, आत्याला तिचा मान. हे सर्व आधी बोलून ठेवा, ऐन समारंभात नव्हे.

अंकशास्त्रासाठी स्पेलिंगमध्ये एखादे जादा अक्षर घालण्याचा सल्ला कोणी देईल. तो घेऊ नये. त्या एका अक्षरापायी मुलीला जन्मभर ‘डबल ए’ सांगत बसावे लागते.

६. हाक मारून पाहा

उरलेली दोन-तीन नावे आठवडाभर घरात वापरा. फोनवरून रिक्षासाठी, पार्सलसाठी किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये तेच नाव सांगा आणि समोरचा पहिल्या फटक्यात बरोबर लिहितो का ते पाहा. लाडाची रूपे अडवू नका. आजोळी मंजू आणि तिकडे ‘चेल्लम’ हे होणारच.

७. नोंदणी कुठे आणि कधी

जन्माची नोंद तुम्ही राहता त्या ठिकाणी होत नाही, तर जन्म जिथे झाला त्या ठिकाणी होते. वाशीच्या रुग्णालयात जन्म झाला असेल तर नवी मुंबई महापालिका, ठाण्यात झाला असेल तर ठाणे महापालिका, आणि खारघर किंवा कामोठ्यात झाला असेल तर पनवेल महापालिका. ‘नवी मुंबईच ना’ म्हणून बेलापूरच्या मुख्यालयात जाणारे अनेक जण तिथून परत फिरतात. बाळंतपण माहेरी, दुसऱ्या जिल्ह्यात किंवा तमिळनाडूत झाले असल्यास दाखला तिथलाच मिळेल आणि तिथल्या राजभाषेत असेल, हे धरूनच दुसऱ्या टप्प्यातली लिपीची तपासणी करा.

जन्माची माहिती २१ दिवसांत द्यायची असते आणि ती रुग्णालय कळवते. त्या वेळी नाव ठरलेले नसेल तर घाईने काहीबाही लिहू नका. नावाशिवाय नोंद करता येते, आणि पुढील १२ महिन्यांत शुल्काशिवाय नाव घालता येते. त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून ते घालता येते. रिकामा रकाना भरणे सोपे असते, भरलेला रकाना बदलणे फार त्रासाचे असते. मात्र वर्षभर लोळतही बसू नका, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट अशा कामांना जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

नाव घालण्यासाठी जाताना साधारणपणे हे कागद सोबत ठेवा:

- नाव नसलेला जन्मदाखला किंवा नोंदणी क्रमांक
- रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड
- आईवडील दोघांची आधार कार्डे, मूळ आणि झेरॉक्स
- पत्त्याचा पुरावा
- दोघांच्या सहीचा अर्ज, ज्यात बाळाचे पूर्ण नाव मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही लिप्यांत मोठ्या अक्षरांत लिहिलेले असेल

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. नाव एका लिपीत टाइप करून दुसरीत आपोआप उमटवले जाते तेव्हा ‘ळ’चा ‘ल’, दीर्घाचा ऱ्हस्व आणि ‘सुंदरम’चे ‘सुन्दराम’ हमखास होते. काउंटरवर छापण्याआधी पडद्यावरचा मजकूर दाखवायची विनंती करा आणि दोन्ही लिप्या अक्षर अक्षर वाचा. मागच्या रांगेतली कुरकूर ऐकू येत असली तरी वाचा.

आईवडिलांच्या नावांतही दोन नेहमीचे घोटाळे होतात. आईच्या आधारवर माहेरचे नाव आणि रुग्णालयाच्या अर्जात सासरचे, असे असू नये. जे नाव तुमच्या कागदांवर आहे तेच प्रसूतीसाठी नाव नोंदवताना द्या. वडिलांचे नाव आधारवर ‘कार्तिक एस’ आणि पासपोर्टवर ‘कार्तिक सुंदरम’ असेल तर मुलीच्या नोंदणीपूर्वी एकाची दुरुस्ती करून घ्यावी आणि दाखल्यावर आद्याक्षराऐवजी पूर्ण नाव येईल असे पाहावे. बाळाच्या रकान्यातही नुसते पहिले नाव लिहून थांबू नका.

८. आधार आणि पासपोर्ट

पाच वर्षांखालील मुलांचे बाल आधार जन्मदाखल्यावरून आणि पालकाच्या आधारवरून होते. बोटांचे ठसे त्या वेळी घेत नाहीत, ते पुढे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अद्ययावत करावे लागतात. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, त्यातली एक संधी वय वर्षे एकमध्ये खर्ची घालण्याचे कारण नाही.

पासपोर्टच्या अर्जात दिलेले नाव आणि आडनाव असे दोन रकाने असतात. एकच शब्द लिहून आडनाव कोरे सोडण्याची तमिळ सवय इथे महागात पडते: अमेरिकेच्या व्हिसावर तो एकच शब्द आडनावाच्या रकान्यात जातो आणि दिलेल्या नावाच्या जागी ‘एफ-एन-यू’, म्हणजे नाव अज्ञात, असे छापले जाते, आणि संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये एकेरी नावाच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश नाकारण्याचे धोरण जाहीर केले होते. म्हणून पहिल्या टप्प्यात ठरवलेले आडनाव इथे त्याच स्पेलिंगने भरा, आणि अर्ज पाठवण्यापूर्वी जन्मदाखला, आधार व अर्ज हे तीन कागद शेजारी ठेवून एकाने वाचावे, दुसऱ्याने ताडून पाहावे.